खडकांची चुंबकीय ग्रहणशीलता आणि विचुंबकन : मुंबई उपनगरातील बेसाल्टच्या संदर्भात

प्रास्ताविक

अंधेरी पश्चिमेस इमारतींच्या दाटीत उभा असलेला गिल्बर्ट हिल हा काळ्या बेसाल्टचा सुमारे ६१ मीटर उंचीचा कडा भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. माथ्यावर गावदेवीचे मंदिर, पायथ्याशी दाट वस्ती आणि या दोहोंच्या मध्ये उभ्या बहुकोनी स्तंभांची भिंत असे त्याचे स्वरूप आहे. २००७ मध्ये महानगरपालिकेने त्यास वारसा दर्जा दिला. या स्तंभांजवळ होकायंत्र नेले असता सुई कमीअधिक विचलित होऊ शकते, कारण बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट आणि टिटॅनोमॅग्नेटाइट या लोहयुक्त खनिजांचे बारीक कण विखुरलेले असतात. त्यांचे घनफळ खडकाच्या शंभरात दोन-चार भागांहून क्वचितच अधिक भरते. परंतु खडकाचे जवळजवळ सर्व चुंबकीय वर्तन त्यांच्यावरच अवलंबून असते.

हे वर्तन मोजण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे चुंबकीय ग्रहणशीलता, म्हणजेच मॅग्नेटिक ससेप्टिबिलिटी. सौम्य चुंबकीय क्षेत्रात ठेवलेला खडक त्या क्षेत्राच्या प्रमाणात किती चुंबकित होतो, याचे ते गुणोत्तर होय. मापन एका मिनिटात होते, नमुना नष्ट होत नाही आणि उपकरण पदवी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही सहज हाताळता येते. त्यामुळे भूशास्त्र, भूगोल, पर्यावरणशास्त्र आणि पदार्थविज्ञान अशा वेगवेगळ्या विभागांच्या प्रकल्पांत हे मापन केले जाते. अडचण अशी की, पडद्यावर उमटणारा आकडा हा खडकाचा अंगभूत गुण आहे असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात तो खडकाचा गुण, कणांचा आकार आणि त्या नमुन्यावर आधी काय काय केले गेले याचा इतिहास, या तिन्हींचा मिळून आलेला परिणाम असतो. शेवटच्या दोन बाबींचा संबंध विचुंबकनाशी आहे. हा संबंध विशद करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

एक शब्द, दोन अर्थ

विचुंबकन, अर्थात डिमॅग्नेटायझेशन, ही संज्ञा दोन सर्वस्वी भिन्न गोष्टींसाठी वापरली जाते आणि गल्लतीचे मूळ येथेच आहे. पहिल्या अर्थी ती चुंबकित वस्तूच्या अंतर्भागात आपोआप निर्माण होणाऱ्या विरोधी क्षेत्राचा निर्देश करते. वस्तू चुंबकित झाली की तिच्या टोकांवर ध्रुव निर्माण होतात आणि त्या ध्रुवांचे क्षेत्र वस्तूच्या आत मूळ क्षेत्राच्या उलट दिशेने कार्य करते. याला स्वविचुंबकन म्हणता येईल. ही कोणी केलेली क्रिया नव्हे. ती वस्तूच्या आकाराची अपरिहार्य परिणती आहे. दुसऱ्या अर्थी विचुंबकन ही प्रयोगशाळेत हेतुपुरस्सर केलेली प्रक्रिया असते. खडकात कोट्यवधी वर्षांपासून साठलेले अवशिष्ट चुंबकत्व टप्प्याटप्प्याने पुसून त्यातील सर्वांत जुना, टिकाऊ भाग उघड करणे हे तिचे उद्दिष्ट असते. त्यासाठी प्रत्यावर्ती क्षेत्र किंवा उष्णता वापरतात.

ग्रहणशीलतेच्या मापनावर दोन्हींचा परिणाम होतो, मात्र वेगळ्या मार्गांनी. पहिल्याचे गणित करता येते. दुसऱ्याचे करता येत नाही. तेथे केवळ दक्षता घेता येते.

आकाराचे गणित

स्वविचुंबकनाचा परिणाम एका साध्या समीकरणाने व्यक्त होतो :

मोजलेली ग्रहणशीलता = अंगभूत ग्रहणशीलता ÷ (१ + विचुंबकन गुणक × अंगभूत ग्रहणशीलता)

विचुंबकन गुणक हा केवळ आकारावर अवलंबून असलेला अंक आहे. गोलासाठी तो १/३, लांब सुईच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ शून्य आणि पातळ पत्र्याला लंब दिशेने जवळजवळ १ असतो. परस्परांना लंब अशा तीन दिशांच्या गुणकांची बेरीज नेहमी १ येते.

पुराचुंबकत्वाच्या अभ्यासात वापरला जाणारा प्रमाणित नमुना २५.४ मिमी व्यासाचा आणि सुमारे २२ मिमी उंचीचा दंडगोल असतो. हे परिमाण सोयीपुरते ठरवलेले नाही. या प्रमाणात दंडगोलाचा गुणक सर्व दिशांना १/३ च्या जवळपास राहतो आणि नमुन्याच्या आकारामुळे खोटी दिशात्मकता उद्भवत नाही. दख्खनच्या बेसाल्टची ग्रहणशीलता एसआय पद्धतीत सामान्यतः शंभरांशाच्या कोटीतील असते. ती ०.०३ धरल्यास छेद १.०१ होतो, म्हणजे मोजलेला आकडा खऱ्याहून १ टक्क्याने कमी येतो, ०.०६ धरल्यास २ टक्क्यांनी. लोहखनिजाच्या समृद्ध नमुन्याची अंगभूत ग्रहणशीलता ३ असेल, तर मात्र मोजलेला आकडा १.५, म्हणजे निम्माच, मिळेल. सारांश असा की, बेसाल्टच्या दंडगोलासाठी ही दुरुस्ती किरकोळ आहे आणि लोहखनिजासाठी ती टाळताच येत नाही.

येथे एक व्यावहारिक टीप आवश्यक वाटते. वर दिलेल्या दंडगोलाचे घनफळ सुमारे ११.१५ घन सेंटिमीटर भरते. बार्टिंग्टन एमएस-२ या प्रचलित उपकरणाचा प्रयोगशाळेतील संवेदक मात्र १० घन सेंटिमीटरसाठी अंशांकित असतो. ही दुरुस्ती विसरल्यास ११ टक्क्यांच्या आसपास चूक होते. जुन्या शोधनिबंधांतील सीजीएस आकडे एसआय समजून वापरल्यास ती १२.५७ पट होते, कारण दोन पद्धतींत ४π चा फरक आहे. स्वविचुंबकनाच्या १ टक्क्याची काळजी वाहणाऱ्याने आधी या दोन गोष्टी तपासाव्यात.

कणाच्या आत

नमुन्याच्या पातळीवर किरकोळ ठरलेले स्वविचुंबकन कणाच्या पातळीवर मात्र सर्वस्वी निर्णायक ठरते. दंडगोलाची ग्रहणशीलता ०.०३ असली, तरी त्यातील मॅग्नेटाइटच्या प्रत्येक कणाची अंगभूत ग्रहणशीलता १० हूनही अधिक असू शकते. कण गोलाकार मानून ती १२ घेतली, तर कण प्रत्यक्षात २.४ इतकाच प्रतिसाद देतो. ती २० घेतली, तरी प्रतिसाद २.६ पर्यंतच वाढतो. अंगभूत गुण दोनतृतीयांशाने वाढला असताना मापन जेमतेम ९ टक्क्यांनी वाढते. ती कितीही वाढवली, तरी गोलाकार कणाचा प्रतिसाद ३ या मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही.

यातून एक उपयुक्त गोष्ट हाती येते. मोठ्या कणांच्या मॅग्नेटाइटची खनिज म्हणून ग्रहणशीलता किती, हे खडकाच्या मापनातून कळत नाही. परंतु खडकात मॅग्नेटाइट किती आहे, हे मात्र बऱ्यापैकी कळते. घनफळाच्या १ टक्का मॅग्नेटाइट असेल, तर खडकाची ग्रहणशीलता सुमारे ०.०२५ येते. स्वविचुंबकन कणाच्या अंगभूत गुणांतील चढउतार दाबून टाकते म्हणूनच हा अंदाज विश्वसनीय ठरतो.

कण लांबट असेल तर चित्र आणखी रंजक होते. लांबी रुंदीच्या दीडपट असलेल्या कणाचा गुणक लांबीच्या दिशेने सुमारे ०.२३ आणि आडव्या दिशेने सुमारे ०.३८ असतो. अंगभूत ग्रहणशीलता १२ धरल्यास लांबीच्या दिशेने प्रतिसाद सुमारे ३.१६ आणि आडव्या दिशेने सुमारे २.१४ मिळतो, म्हणजे जवळजवळ दीडपट फरक पडतो. मॅग्नेटाइट स्फटिकरचनेने घनाकृती आहे; त्याच्या दिशात्मकतेचा मुख्य उगम हा असा आकारात, म्हणजेच स्वविचुंबकनात, असतो. लाव्हा वाहताना किंवा डाईकच्या फटीतून वर चढताना लांबट कण काही अंशी प्रवाहाच्या दिशेने रचले जातात. ग्रहणशीलतेची विषमदिकता मोजून प्रवाह कोठून कोठे गेला याचा माग काढता येतो, तो यामुळेच. मात्र सर्व कण एका दिशेस कधीच नसतात. त्यामुळे एका कणातील ४०-५० टक्क्यांचा फरक बेसाल्टच्या दंडगोलात अवघ्या काही टक्क्यांवर येतो. हे ‘काही टक्के’ पुढील विवेचनात महत्त्वाचे आहेत.

अतिसूक्ष्म, एकाच डोमेनच्या लांबट कणांत नेमके उलट घडते. असा कण लांबीच्या दिशेने आधीच पूर्ण चुंबकित असल्यामुळे सौम्य क्षेत्राला त्या दिशेने प्रतिसाद देऊ शकत नाही आणि त्याची महत्तम ग्रहणशीलता आडव्या दिशेस दिसते. कणांचे आकारमान न तपासता प्रवाहाची दिशा जाहीर केल्यास ती ९० अंशांनी चुकू शकते.

प्रत्यावर्ती क्षेत्राचे विचुंबकन

आता दुसऱ्या अर्थाकडे वळू. ग्रहणशीलता मोजणाऱ्या काप्पाब्रिज प्रकारच्या उपकरणातील क्षेत्र साधारण २०० ते ३०० अँपिअर प्रति मीटर एवढे असते. विचुंबकनासाठी नमुन्यावर लावलेले प्रत्यावर्ती क्षेत्र १०० मिलिटेस्लापर्यंत नेले, तर ते या मापन-क्षेत्राच्या किमान अडीचशे पट भरते. असे क्षेत्र हळूहळू शून्यावर आणले की कणांतील डोमेनच्या भिंती नव्या जागी स्थिरावतात. अवशिष्ट चुंबकत्व पुसले जाते खरे. पण कण पूर्वस्थितीत परतलेला नसतो, तो एका नव्या स्थितीत पोहोचलेला असतो.

ही नवी स्थिती दिशाविहीन नसते. नमुना स्थिर ठेवून एकामागून एक तीन अक्षांवर क्षेत्र लावले, तर शेवटच्या अक्षाचा ठसा उरतो. बहुडोमेनी कणांत त्या अक्षावर ग्रहणशीलता वाढते, तर एकडोमेनी कणांत त्याच अक्षावर ती कमी होते. भथल आणि स्टेसी यांनी १९६९ मध्येच क्षेत्रामुळे खडकांत उद्भवणाऱ्या या विषमदिकतेकडे लक्ष वेधले होते. पुढे १९९० मध्ये पॉटर आणि स्टीफन्सन यांनी तिचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी ग्रहणशीलतेतील बदल लहान असतो आणि ज्याला केवळ मॅग्नेटाइटचे प्रमाण हवे आहे त्याने त्याची चिंता करू नये. परंतु बेसाल्टची नैसर्गिक विषमदिकताच मुळी काही टक्क्यांची असते. त्याच कोटीतला कृत्रिम ठसा उमटला, तर लाव्हाप्रवाहाच्या दिशेऐवजी उपकरणातील वेटोळ्याची दिशा हाती येते! नमुना सर्व बाजूंनी फिरवत ठेवून विचुंबकन केल्यास हा ठसा बराच विरतो.

या प्रक्रियेच्या वेळी भोवतालचे स्थिर क्षेत्र शून्याजवळ नसेल, तर पुसण्याऐवजी नवेच अवशिष्ट चुंबकत्व नमुन्यात भरले जाते. उपनगरात लोखंडी सळ्यांच्या इमारती, उद्वाहक आणि विजेवरील लोकल यांच्या सान्निध्यात ही अट सोपी नाही. मुंबईला हा प्रश्न नवा नाही : कुलाबा वेधशाळेतील १८४१ पासूनच्या चुंबकीय नोंदी विजेच्या ट्रामच्या संभाव्य उपद्रवामुळेच १९०४ मध्ये अलिबागला हलवाव्या लागल्या.

उष्णतेचे विचुंबकन

उष्णतेचा मार्ग अधिक प्रभावी आणि अधिक धोक्याचा आहे. नमुना ठरावीक तापमानापर्यंत तापवून शून्य क्षेत्रात थंड केला जातो. मॅग्नेटाइटचा क्यूरी बिंदू ५८० अंश सेल्सिअस आहे. टिटॅनियम जास्त असलेल्या टिटॅनोमॅग्नेटाइटचा तो १५० ते २०० अंशांच्या आसपासही असू शकतो. दख्खनच्या बेसाल्टमध्ये दोन्ही टोकांची आणि मधली उदाहरणे आढळतात.

अडचण अशी की, खडक तापवणे म्हणजे त्याचे रसायनही बदलणे. मॅगहेमाइट साधारण ३५० ते ४०० अंशांच्या पुढे हेमॅटाइटमध्ये रूपांतरित होते आणि ग्रहणशीलता घसरते. टिटॅनोमॅगहेमाइटचे विघटन होऊन मॅग्नेटाइट तयार झाले, तर ती वाढते. सच्छिद्र, झिओलाइटने भरलेल्या किंवा हिरवट मृत्तिका-खनिजे असलेल्या बेसाल्टमध्ये लोहयुक्त मृत्तिकांपासून नवे मॅग्नेटाइट भट्टीतच जन्मास येऊ शकते. या नव्या मॅग्नेटाइटला भूतकाळ नसतो. भट्टीत उरलेसुरले जे क्षेत्र असेल तेच ते नोंदवते.

येथे ग्रहणशीलता पहारेकऱ्याचे काम करते. प्रत्येक टप्प्यानंतर नमुना थंड झाल्यावर ती पुन्हा मोजायची. ४०० अंशांपर्यंत आकडा स्थिर राहून ४५० अंशांनंतर एकदम दीडपट झाला, तर त्यापुढील टप्प्यांच्या दिशांवर विश्वास ठेवता येत नाही. या मापनाला लागणारा वेळ नगण्य आहे. तरीही ते गाळले जाते आणि मग भट्टीत बनलेल्या खनिजाची दिशा क्रिटेशस काळाची म्हणून कोष्टकात जाते.

या क्षेत्रात मुंबईची परंपरा मोठी आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सहस्रबुद्धे, राधाकृष्णमूर्ती आणि लिखिते यांनी खडकांसाठी प्रत्यावर्ती क्षेत्रातील हिस्टरेसिस वक्र काढणारे उपकरण स्वतः विकसित केले आणि त्याचे वर्णन १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. ग्रहणशीलता निरनिराळ्या तापमानांना, द्रवरूप नायट्रोजनच्या थंडाव्यापासून क्यूरी बिंदूपर्यंत, मोजून कणांचा प्रकार ओळखण्याची दिशा या गटाच्या कामातून पुढे आली. राधाकृष्णमूर्ती यांचा ‘मॅग्नेटिझम अँड बेसाल्ट्स’ हा ग्रंथ जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने १९९३ मध्ये प्रकाशित केला. बेसाल्टच्या दिशा विचारण्यापूर्वी त्यातील कण कोणत्या जातीचे आहेत ते विचारावे, ही दृष्टी उपनगरातील महाविद्यालयांनी अधिक आपलीशी करावयास हवी.

आधी काय : मापन की विचुंबकन?

पाठ्यपुस्तकी नियम असा की, ग्रहणशीलता आणि तिची विषमदिकता सर्वप्रथम मोजावी, नंतर विचुंबकन करावे. वर सांगितलेली कारणे पाहता तो रास्त वाटतो. परंतु दख्खनच्या बेसाल्टनेच या नियमाला आव्हान दिले आहे. श्योबेल आणि द वाल यांनी २०१४ मध्ये ‘जर्नल ऑफ जिओफिजिकल रिसर्च’मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाचा विषयच दख्खन बेसाल्टमधील विषमदिकता आणि नैसर्गिक अवशिष्ट चुंबकत्व यांचा परस्पर हस्तक्षेप हा आहे. ज्या खडकाची विषमदिकता क्षीण असते, त्यात साठलेले अवशिष्ट चुंबकत्व डोमेनच्या भिंतींना विशिष्ट जागी अडकवून ठेवते आणि मोजलेले अक्ष प्रवाहाऐवजी त्या चुंबकत्वाकडे कलतात. उघड्या माथ्यावरील कातळावर वीज पडून तीव्र चुंबकत्व आलेले असेल, तर हा धोका अधिकच वाढतो.

म्हणजे विचुंबकनापूर्वी मोजावे तर निसर्गाचा ठसा, नंतर मोजावे तर उपकरणाचा. दोहोंपैकी एक निवडणे हा मार्ग नव्हे. विचुंबकनापूर्वी एकदा आणि नमुना फिरवत केलेल्या प्रत्यावर्ती विचुंबकनानंतर पुन्हा एकदा मोजावे. दोन्ही वेळा अक्ष जागच्या जागी राहिले, तर ते कणांच्या रचनेचे मानावेत, हलले तर त्यांच्यावरून प्रवाहाची दिशा सांगू नये. उष्णतेचा टप्पा या सर्वानंतर आणि शक्यतो त्याच गाभ्याच्या दुसऱ्या तुकड्यावर घ्यावा.

दहा अंशांची किंमत

एवढी काटेकोरता कशासाठी, याचे उत्तर भारताच्या प्रवासात आहे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजचे क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये दख्खनच्या खडकांतील चुंबकत्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि भूखंडवहनाच्या बाजूने एक महत्त्वाचा पुरावा पुढे आला. दख्खनच्या लाव्हातील नतिकोन सुमारे ४५ अंशांचा आहे. नतिकोनाची स्पर्शज्या अक्षांशाच्या स्पर्शज्येच्या दुप्पट असते, या संबंधावरून लाव्हा थंड झाला त्या वेळचा अक्षांश सुमारे २७ अंश दक्षिण येतो. आज मुंबई १९ अंश उत्तरेस आहे. समजा, भट्टीत बनलेल्या मॅग्नेटाइटमुळे नतिकोन ४५ ऐवजी ३५ अंश आला. मग अक्षांश सुमारे १९ अंश दक्षिण मिळतो आणि दख्खन नकाशावर ८०० किलोमीटर सरकते. ग्रहणशीलतेचा बदललेला एक आकडा वेळीच पाहिला असता, तर ही चूक कोष्टकात शिरली नसती.

उपनगरातील खडकांबाबत कालाचाही प्रश्न आहे. गिल्बर्ट हिलचे वय ६ कोटी ६० लाख वर्षे असल्याचे सर्रास छापले जाते. तथापि शेठ, पांडे आणि भुतानी यांनी २००१ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दिलेले आर्गॉन-आर्गॉन वय ६ कोटी ५ लाख वर्षे, अधिकउणे १२ लाख, असे आहे. साकीनाका आणि मनोरी येथील ट्रॅकाइटचीही वयेही याच सुमाराची आली आहेत. सह्याद्रीतील जाड लाव्हाथरांहून हे खडक लाखो वर्षांनी तरुण आहेत. त्यांच्या ध्रुवीयतेची तुलना क्रिटेशसच्या अखेरीच्या कालखंडाशी करणे चुकीचे ठरते. शिवाय पश्चिम किनाऱ्यालगत थर पश्चिमेकडे कललेले असल्याने मोजलेल्या दिशेत कलाची दुरुस्ती करावी लागते. ट्रॅकाइटसारख्या बेसाल्टाहून वेगळ्या घडणीच्या खडकांत चुंबकीय खनिजांचे प्रमाण आणि प्रकार निराळे असल्याने बेसाल्टचे आडाखे तेथे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

गिल्बर्ट हिलच्या स्तंभांत गाभा काढण्यासाठी छिद्रे पाडणे वारसा म्हणून अनुचित आहे. स्तंभाच्या सपाट पृष्ठभागावर हातातील मापक टेकवून ग्रहणशीलता घेता येते. मात्र पृष्ठभाग खडबडीत असेल, तर मधल्या हवेच्या पोकळीमुळे आकडा कमी येतो, म्हणून एकाच पृष्ठभागावर अनेक ठिकाणी मोजून नोंद करावी. पायथ्याशी पडलेल्या सुट्या तुकड्यांची मूळ दिशा हरवलेली असल्याने अवशिष्ट चुंबकत्वाच्या दिशेसाठी ते निरुपयोगी आहेत. सरासरी ग्रहणशीलता आणि तापवल्यानंतर तिच्यात होणारा बदल यांसाठी मात्र तेच तुकडे पुरेसे आहेत. बांधकामासाठी नव्याने खोदलेल्या पायांमध्ये ताजा, विजेच्या आघातापासून दूर राहिलेला खडक काही दिवसच उघडा असतो. दिशांकित नमुने घ्यायचे तर परवानगी काढून तेथेच, काँक्रीट पडण्यापूर्वी घ्यावे लागतात.